चुगलखोर धबधबा

दुरून डोंगर साजरे ही म्हण ज्याने कुणी काढली, तो पाठीवर तंबू घेऊन एकदा तरी डोंगर चढला असणार, असं लिफ्टवाल्याचं ठाम मत होतं. आयुष्यभर त्याने लोकांना पाय न हलवता वर पोचवलं. लिफ्ट बसवायच्या, बिघडल्या की दुरुस्त करायच्या, मधेच अडकलेल्यांना धीर देत बाहेर काढायचं. आणि सुट्टी मिळाली की हाच माणूस बायकोच्या मागून धापा टाकत धबधबे बघायला निघायचा. "जगाला जिना विसरायला लावला, त्याच्याच नशिबी चढण," असं तो दरवर्षी म्हणायचा. म्हणायचा, आणि सगळ्यांच्या आधी आपली पिशवी भरून दाराशी ठेवायचा.

त्याला ओढ डोंगराची नव्हती. ओढ होती साडूची.

साडू हे नातं म्हटलं तर काहीच नाही. रक्ताचं नाही, वारशाचं नाही, भांडायला सामाईक भिंतसुद्धा नाही. दोन अनोळखी पुरुषांनी एकाच घरातल्या दोन बहिणींशी लग्न केलं, एवढाच काय तो पराक्रम. पण लिफ्टवाल्याला उभ्या आयुष्यात जो एक मित्र मिळाला, तो या दाराने आला. साडूचं चष्म्यांचं छोटंसं दुकान होतं, मागच्या खोलीत तो स्वतः काचा घासायचा, म्हणून घरात त्याचं नाव चष्मेवाला. लिफ्टवाला बोलायचा आणि चष्मेवाला ऐकायचा. दोघांनाही आपापलं काम आवडत असल्यामुळे त्यांचं कधी बिनसलं नाही.

बहिणी दोनच. थोरली लिफ्टवाल्याची, धाकटी चष्मेवाल्याची. त्यांना भाऊ नव्हता, आईवडीलही लवकर गेले होते, त्यामुळे त्या एकमेकींना धरून वाढल्या. थोरली न्यायालयात जबान्या टिपून घ्यायची. साक्षीदाराने तोंड उघडलं की हिची बोटं चालू व्हायची, आणि नंतर कुणी "मी असं बोललोच नाही" म्हणालं की हिने त्याचेच शब्द त्याला वाचून दाखवायचे. कामावरची सवय घरी आली होती. लिफ्टवाला वर्षानुवर्षं घरच्या पिंजऱ्यात उभा होता.

धाकटीची गंमत वेगळी. तिला नावं ठेवायची हौस, दोन्ही अर्थांनी. ती डोंगरातल्या त्या सरकारी उद्यानात पहिल्यांदा आली आणि पाटीवरची नावं न वाचताच तिने तिथल्या तिन्ही धबधब्यांचं बारसं करून टाकलं. सर्वांत खालचा, दगडांवरून उड्या मारत येणारा, तो बडबड्या. सर्वांत वरचा, उंचावरून पांढरी बारीक धार सोडणारा, तो म्हातारा. आणि मधला, मोठ्या डोहात कोसळणारा, तो चुगलखोर. बडबड्या का, ते ऐकू येत होतं. म्हातारा का, ते दिसत होतं. चुगलखोर का, असं विचारलं की दोघी बहिणी एकमेकींकडे बघून हसायच्या आणि खायचं काय आहे ते विचारायच्या.

धाकटी आजारात गेली त्याला आता दोन हिवाळे झाले. मधल्या उन्हाळ्यात उद्यानाचं नाव कुणी काढलं नाही. यंदा चष्मेवाल्याचाच फोन आला, "जाऊ या का?" लिफ्टवाल्याने फोनवर हात ठेवून थोरलीकडे पाहिलं. ती कांदा चिरत होती. "विचारायचं काय त्यात," ती म्हणाली. "बूट काढा माळ्यावरचे."

तर असे तिघं दुपारच्या आत तिथे पोचले. झाडांखालची तीच सपाट जागा, तेच लाकडी टेबल आणि त्याला जोडलेली बाकं, तीच दगडांनी वेढलेली चूल. दोन तंबू उभे राहिले तेव्हा सगळं ठीक चाललं होतं. मग टेबलावर ताणायची ताडपत्री बाहेर निघाली. ताडपत्रीचं तंत्र असं, की चौघांनी चार कोपरे धरायचे, एकदम ताणायचे आणि एकदम खुंट्या ठोकायच्या. त्याशिवाय ती वाऱ्यावर पतंगासारखी उडते. इतक्या वर्षांत प्रत्येकाचा कोपरा ठरून गेला होता. लिफ्टवाल्याने सवयीने आरोळी ठोकली, "ओढा!" तिघांनी आपापला कोपरा ओढला, तिघांनी खुंटी ठोकली, आणि टेबलाच्या पलीकडचा चौथा कोपरा फडाफडा हलत राहिला.

तिघंही हातात दगड धरून त्या कोपऱ्याकडे बघत उभे राहिले. लिफ्टवाल्याला काहीतरी विनोद करायचा होता, पण आडातच नव्हतं तर पोहऱ्यात कुठून येणार? शेवटी चष्मेवाला गेला. त्यानेही खुंटी ठोकली नाही. कोपरा खाली ओढून त्याच्या दोरीवर एक मोठा धोंडा ठेवला आणि हात झटकत म्हणाला, "साडूभाऊ, पाणी आणू या चला."

नळ वाटेच्या टोकाला, मोटारी लावायच्या जागेजवळ होता. लिफ्टवाल्याने कॅन नळाखाली धरला.

"एक सांगायचंय तुम्हाला," चष्मेवाला म्हणाला.

"सांग की."

"मी लग्न करतोय."

कॅन भरला, वाहिला, लिफ्टवाल्याच्या बुटांत पाणी गेलं. मग त्याने नळ बंद केला.

बालवाडी चालवणारी एक बाई होती. पोरं कडेवर घेतली की चष्मा ओढायची, दांडी मोडायची, आणि ती दुकानात यायची. इतक्या वेळा आली, की शेवटी चष्मेवाल्याने तिला मऊ रबरी दांडीची चौकट बनवून दिली. त्यानंतरही ती येतच राहिली. "चौकट तर मोडत नव्हती," चष्मेवाला खाली मान घालून म्हणाला. "तेव्हा मला कळलं."

लिफ्टवाल्याला खरोखर आनंद झाला. दोन वर्षं त्याने या माणसाला दुकानाच्या मागच्या खोलीत एकट्याने डब्यातलं गार जेवण जेवताना पाहिलं होतं. त्याने साडूच्या पाठीत अशी थाप मारली, की चष्मेवाल्याचा स्वतःचाच चष्मा नाकावरून घसरला. आणि थाप मारलेला हात खाली येईपर्यंत त्याला बायको आठवली.

"हिला सांगितलंस?"

"ताईंना? नाही. त्यासाठीच तर आलोय. उद्या निघायच्या आत सांगेन."

"आणि ती चिडली तर? लग्न मोडणार?"

"नाही. लग्न करणार." चष्मेवाला हळू बोलायचा, पण एकदा बोलला की ते काचेसारखं घासून पुसून आलेलं असायचं. "पण ताईंना बघवणार नसेल, तर मी तुमच्याकडे येणं बंद करीन. त्यांच्या बहिणीच्या जागी दुसरीला घेऊन मी त्यांच्या दारात कसा उभा राहू? आणि येऊ तरी कोण म्हणून?"

कोण म्हणून! लिफ्टवाल्याने कॅन उचलला आणि चालता चालता हिशेब मांडायला लागला. मावसभाऊ, चुलतभाऊ, मामेभाऊ, व्याही, जावई, मेहुणा, आपल्या भाषेला नात्यांची काय कमी! पण मेलेल्या मेहुणीच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं की तो आपला कोण, याला त्याला एक शब्द सापडेना. साडू व्हायला दोन बहिणी लागतात. एक गेली तरी तिची जागा रिकामी होती, तिथवर निदान आठवणीचा आधार होता. आता तिथे बालवाडीवाली येणार. म्हणजे ज्या दोरीवर आपण दोघं लोंबकळत होतो ती कापली जाणार, आणि आपल्याला उरल्या आयुष्यात आपली बडबड ऐकणारं कुणी राहणार नाही. हे त्याला इतकं स्वच्छ दिसलं, की तो वाटेत थांबलाच.

"जड झालं का? द्या इकडे," चष्मेवाला म्हणाला.

"जड नाही झालं," लिफ्टवाला खेकसला.

दुपारी तिघं वाट चढायला लागले. झाडांच्या खोडांवर पिवळे पट्टे मारलेले होते, ते बघत जायचं. थोरली पुढे, मधे चष्मेवाला, मागे लिफ्टवाला. बडबड्यापाशी ते पाणी प्यायले. थोरली पाण्यात हात घालून म्हणाली, "धाकटीला इथे दरवर्षी पाय घालायचे असायचे आणि दरवर्षी मोजे ओले करून पुढे रडायची." चष्मेवाला हसला. "आणि माझे घालायची. म्हणून मी दोन जोड आणायचो. आजही आणलेत." हे बोलताना त्याचा चेहरा असा उजळला, की लिफ्टवाल्याला वाटलं, आत्ताच सांगून टाकेल. पण चष्मेवाला पुन्हा मूग गिळून बसला.

वाटेभर लिफ्टवाल्याचं डोकं चालत होतं. लिफ्ट बंद पडली तर तो हातावर हात ठेवून बसणारा माणूस नव्हता. काय गेलंय ते बघायचं, त्या मापाचं दुसरं आणायचं, बसवायचं, की गाडी चालू. चुगलखोराच्या डोहापर्यंत पोचेतो त्याला उपाय सापडला होता, आणि इतका सोपा होता की आपलं आपल्यालाच कौतुक वाटलं.

डोहासमोर लोखंडी कठडा आणि एक बाक होतं. समोर पाणी असं कोसळत होतं की शेजारच्याचं बोलणंही कानाला तोंड लावल्याशिवाय कळू नये. थोरलीने हातानेच खूण केली, तुम्ही बसा, मी आलेच. आणि ती बाकामागच्या प्रचंड खडकाला वळसा घालून दिसेनाशी झाली. दोघी बहिणी दरवर्षी तेच करायच्या. नवऱ्यांना बाकावर टेकवायचं आणि आपण खडकामागे जायचं. तिकडे फुलं असतात, असं त्या सांगायच्या.

ती जाताच लिफ्टवाला साडूच्या कानाशी वाकला आणि ओरडला. ओरडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. लिफ्टच्या विहिरीत तळाशी उभं राहून वरच्या मजल्यावरच्या माणसाशी बोलून बोलून त्याचा घसा कमावलेला होता.

"तू सांगूच नकोस! मी सांगतो!"

"काय?"

"मी सांगतो! तिला म्हणतो, त्या बाईंना बहीण मान! मानलेली बहीण! की मिटला प्रश्न! आपण पुन्हा साडूचे साडू!"

चष्मेवाल्याने मान जोरजोरात हलवली. "ताईंना असलं काही सांगू नका!"

"का? तिला मी बरोबर गुंडाळतो, तू बघच!"

"नको म्हणतो ना!" आयुष्यात पहिल्यांदा चष्मेवाला ओरडत होता, आणि सवय नसल्यामुळे त्याचा आवाज फाटत होता. "ताईंची बहीण एकच होती! मला त्यांच्याकडून दुसरी नकोय! मला ताई हव्यात! माझी बायको लहानपणी कशी होती, ती कशाला रडायची, कशाला हसायची, हे माहीत असलेलं माणूस जगात आता एकच उरलंय! तेही तुटलं तर मी तिच्याबद्दल बोलू कुणाशी? नव्या बायकोशी?"

त्याला वाटत होतं, आपलंच काहीतरी जाणार आहे. या शहाण्याचं काय जाणार आहे, ते त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की तो जे करायचा तेच त्याने केलं. पिशवीतून उकडलेलं अंडं काढून साडूच्या हातात दिलं.

बऱ्याच वेळाने थोरली खडकामागून आली. तिचं तोंड ओलं होतं. तिथे सगळ्यांचीच तोंडं ओली होती. "चला," ती म्हणाली, आणि म्हाताऱ्यापर्यंतची सगळी चढण एक शब्द न बोलता चढली. म्हाताऱ्यासमोर उभी राहिली तेव्हाही बोलली नाही. उतरतानाही नाही. न्यायालयात दिवसभर दुसऱ्यांचं ऐकणारी बाई घरी आली की बोलायची, डोंगरात आली की जास्त बोलायची. तिचं हे गप्प राहणं लिफ्टवाल्याच्या अंगावर आलं. त्याला वाटलं, आठवण आली असेल. म्हणजे आज विषय काढण्यात अर्थ नाही. पण उद्या सकाळी चष्मेवाला तोंड उघडणार, आणि तो उघडणार तो सरळच बोलणार. त्याआधी जमीन भुसभुशीत करून ठेवली पाहिजे.

उन्हं कलायच्या सुमाराला ते तंबूंपाशी परतले. चष्मेवाला कॅन घेऊन पुन्हा नळाकडे गेला. थोरली टेबलावर कप मांडत होती. लिफ्टवाल्याने घसा खाकरला.

"अगं, मी काय म्हणतो. तुला कधी असं वाटतं का, की आपल्याला आणखी एक बहीण असती तर..."

"'त्या बाईंना बहीण मान. मानलेली बहीण. की मिटला प्रश्न. आपण पुन्हा साडूचे साडू,'" थोरली म्हणाली. ती कपांकडेच बघत होती आणि तिचा आवाज न्यायालयात वाचून दाखवताना असायचा तसा सपाट होता. "त्यावर भाऊजी, 'ताईंना असलं काही सांगू नका.' त्यावर तुम्ही, 'तिला मी बरोबर गुंडाळतो, तू बघच.' पुढचं वाचू?"

लिफ्टवाला बाकावर बसला. बसला म्हणण्यापेक्षा पडला.

"त्या खडकामागे एक कपार आहे," थोरली म्हणाली. "तिथे उभं राहिलं की पाण्याचा आवाज बंद होतो आणि बाकावरचं सगळं कानात येऊन पडतं. काय गंमत आहे दगडाची, कुणास ठाऊक. आम्ही दोघी दरवर्षी तिथे उभ्या राहून तुमचं ऐकायचो. तुम्ही तिथे बसून आमच्याबद्दल काय काय ओरडायचात! माझ्या घोरण्याबद्दल तुम्ही जे सांगितलंत, ते ऐकून धाकटी हसून हसून खाली बसली होती."

चुगलखोर! लिफ्टवाल्याच्या डोक्यात इतक्या वर्षांनी उजेड पडला, आणि पडला तो असा अंगावर.

"आज मी तिथे गेले ते तिच्यासाठी गेले," थोरली म्हणाली. "म्हटलं, तिच्या जागेशेजारी जरा उभं राहावं. तर तुम्ही सुरू झालात." आता ती त्याच्याकडे वळली. "अहो, बहीण म्हणजे काय लिफ्टची तार आहे? तुटली की त्याच मापाची नवी ओवायची? तिची जागा माझ्याकडे रिकामी नाहीये. ती मेली म्हणून रिकामी होत नाही. तिथे ती आहे."

"चुकलं माझं," लिफ्टवाला म्हणाला. आणि मग, आता लपवण्यासारखं काही उरलंच नाही म्हणून, जे खरं होतं ते बोलला. "मला भीती वाटली गं. तू दार लावलंस तर मला साडू उरणार नाही. मला दुसरं कोण आहे?"

थोरलीने शेवटचा कप मांडला. वाटेवरून चष्मेवाला येत होता. भरलेल्या कॅनच्या वजनाने एका बाजूला कललेला. टेबलापाशी येऊन त्याने आधी साडूचं तोंड बघितलं, मग थोरलीचं, आणि त्याला समजलं. काचांतलं कळणाऱ्या माणसाला चेहऱ्यातलंही थोडं कळतं.

"ताई," तो म्हणाला. कॅन खाली ठेवायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही. "मी उद्या सांगणारच होतो."

"मी ऐकलंय सगळं. तुम्ही काय म्हणालात तेही ऐकलंय." थोरली थांबली. शब्द तोलून घ्यायची तिची सवय होती, पण आत्ता ती तोलत नव्हती, तिला रडू येत होतं. "तिच्याबद्दल बोलायला तुम्हाला मी एकटी उरले, तशी मलाही तुम्ही एकटेच उरलात. ह्यांना सांगितलं तर हे अंडं देतात."

चष्मेवाल्याला हसू आलं आणि डोळेही भरले, आणि हातात कॅन असल्यामुळे दोन्हींपैकी काहीच लपवता आलं नाही.

"तुमचं लग्न झालं त्या दिवसापासून तुम्ही मला ताई म्हणता," थोरली म्हणाली. "आणि मी वेड्यासारखी तुम्हाला भाऊजी म्हणते. ताई म्हणणाऱ्याला कुणी भाऊजी म्हणतं का? बहीण मला होती. भाऊ नव्हता. ती जागा मात्र माझ्याकडे जन्मापासून रिकामी पडलीय."

वाऱ्याने ताडपत्री जरा वर उचलली आणि खाली बसली.

"भाऊ," थोरली म्हणाली, "कॅन खाली ठेव. हात तुटेल तुझा."

त्याने कॅन खाली ठेवला. मग चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला, परत काढला. लोकांच्या नजरा दुरुस्त करणाऱ्या माणसाला त्या क्षणी स्वतःला धड दिसत नव्हतं. "हो, ताई," एवढंच तो म्हणाला.

लिफ्टवाल्याला राहवेना. "थांबा, थांबा. हा तुझा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा झाला? इतक्या वर्षांचा साडू, आणि एका वाक्यात मेहुणा?"

"हो. आणि आता जपून. साडूला कसंही बोललेलं चालतं. माझ्या भावाला बोललात तर माझ्याशी गाठ आहे."

"म्हणजे मला एक माणूस होतं, ते तू पळवलंस," लिफ्टवाला म्हणाला, पण त्याचा आवाज काही केल्या कुरकुरता होईना. त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला होता, आणि तो कधी उतरला ते त्याला कळलंही नव्हतं.

चहा झाला. पिताना थोरलीने बालवाडीवालीबद्दल दोनच गोष्टी विचारल्या, तिला चढण झेपते का आणि ती हसते का. दोन्हीला चष्मेवाला हो म्हणाला. मग ती कप तसाच हातात धरून टेबलाच्या पलीकडच्या कोपऱ्याशी गेली. दोरीवर ठेवलेला धोंडा तिने पायाने बाजूला सारला. कोपरा फडफडायला लागला. तिने कप खाली ठेवला, तो कोपरा ओढून धरला आणि दुसरा हात पसरला.

"खुंटी द्या."

लिफ्टवाल्याने खुंटी दिली, दगड दिला. तिने गुडघ्यावर बसून ती ठोकली. नीट, शेवटपर्यंत, आणि दोरी दोनदा ओढून बघितली.

"पुढच्या वेळी घेऊन ये तिला," ती मागे न बघता म्हणाली. "तिला माझा कोपरा देऊ. धाकटीचा मी धरीन."